लांब घरातल्या बायका

बासिलिया येणार म्हणून आन्सेल्मोने त्या रविवारी सकाळी दोनदा झाडलं. एकदा झोपडी, आणि एकदा झोपडीपासून पडक्या देवळापर्यंतची वाट. वाट झाडण्यात तसा काही अर्थ नव्हता. रामोन नावाच्या रानझाडांखालून झाडू पुढे सरकला की मागे पानं पडतच होती. पण हाताला काम हवं होतं. मग त्याने पाण्याचं पिंप घासलं, कोयत्याला धार लावली, निजायच्या दोन झोळ्या उन्हात टाकून झटकल्या आणि पुन्हा खांबांना बांधल्या. एक त्याची, एक तिची. तिची झोळी नवी होती, पिवळ्या दोऱ्याची. ती बांधताना त्याला एकट्यालाच हसू आलं आणि आपण हसलो म्हणून लाजही वाटली. साठीच्या उंबरठ्यावरच्या माणसाचं हे पहिलंच लग्न होतं.

आन्सेल्मो काउइच त्या जागेचा सरकारी राखणदार होता. जुन्या लोकांनी बांधलेली घरं, देवळं, चौथरे, सगळं जंगलाने गिळलेलं. ग्वातेमालाची हद्द तिथून फार लांब नव्हती आणि रस्ता मात्र फार लांब होता. पाऊसकाळात गाडी येत नसे. एरवीही पाहुणा म्हणजे वर्षाकाठी कुणीतरी चुकलेला. तो मोडलेल्या पायऱ्या चढून जाई, घामाने थबथबून खाली येई आणि पाणी मागे. आन्सेल्मोने तिथे इतकी वर्षं काढली होती की गावात गेला की त्यालाच पाहुण्यासारखं वाटायचं.

त्याने सगळं नीट ठरवलं होतं. मंडळी सकाळी लवकर येतील. बासिलिया झोपडी बघेल, चूल बघेल, देवळाच्या पायरीवर बसून दोन घास खाईल. आणि ऊन डोक्यावर यायच्या आत तो सगळ्यांना गाडीत बसवून परत पाठवील. दुपारचं काय ते तिला सांगायचं, पण लग्नानंतर. हळूहळू. एखाद्या चांगल्या दिवशी.

टेकाडावर एक लांब घर होतं. ओळीने खोल्या, बहुतेकांची छपरं खाली आलेली. शेवटची खोली तेवढी शाबूत राहिली होती. तिला एकच दार, खिडकी नाही. दुपार झाली की जंगलातले पक्षी गप्प व्हायचे, झाडांवर डरकाळ्या फोडणारी माकडं फांद्यांच्या बेचक्यांत पसरायची, आणि मग त्या खोलीतून आवाज यायचा. थप, थप, थप. ओल्या पिठावर हात पडल्याचा. मध्येच पाट्यावरून वरवंटा ओढल्याची घरघर. पाठोपाठ भाजक्या मिरचीचा वास, नाकात चढणारा, डोळ्यांत पाणी आणणारा.

पहिल्या वर्षी तो विजेरी घेऊन आत गेला होता. उंबऱ्यात पाय टाकताच आवाज थांबला. आत वटवाघळांची घाण, ओल्या चुन्याचा वास आणि उघड्या भिंती. तो मागे वळला, आणि पाठीमागे अगदी जवळ कुणीतरी हसू दाबल्यासारखं हसलं. तो जो पळाला तो थेट गावात. पण परत आला. का आला ते त्याला धड सांगता येत नसे. इथे झोप चांगली लागायची, एवढं खरं. पुढे पुढे सवय झाली. त्यांच्या भाकऱ्या सुरू झाल्या की तोही आपली शिदोरी सोडायचा. एका पावसाळ्यात तो तापाने फणफणला होता, तेव्हा तो आवाज टेकाडावरून खाली उतरून झोपडीमागे येऊन थांबला होता. त्यांनी त्याचं कधी वाईट केलं नाही. त्यानेही त्यांच्याशी कधी शब्द काढला नाही. गावात तर कुणाला सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर बासिलिया त्सुक कशाला हो म्हणाली असती?

गाडी आली तेव्हा ऊन वर चढलं होतं. आन्सेल्मो वाटेच्या तोंडाशी उभा राहून राहून घामाघूम झाला होता.

"दाजी, लग्नाआधीच वाळलात की हो," उतरता उतरता एर्मिला म्हणाली. ही बासिलियाची धाकटी बहीण. तिचा नवरा तिबुर्सिओ स्टिअरिंगपाशी बसून राहिला, कारण गाडी बंद केली तर पुन्हा सुरू होईल की नाही याची त्याला खात्री नव्हती.

"एवढा उशीर?"

"टायर बसला," एर्मिला म्हणाली. "तो बदलेपर्यंत तुमच्या नवरीला झुडपात चायाच्या भाजीची कोवळी पानं दिसली. ती खुडून झाली, तर ह्यांना भूक लागली. खाऊन झालं, तर हिला आठवलं की सॉसचं भांडं टायरच्या जागी राहिलं."

"भांडं महत्त्वाचं," बासिलिया म्हणाली. ती सगळ्यात शेवटी उतरली, दोन्ही हातांत टोपल्या, अंगातल्या पांढऱ्या सैल झग्याच्या, इपिलच्या, गळ्यावर लाल फुलांचं भरतकाम. "टायर काय, कुठेही मिळतो."

आणि ती हसली. बासिलियाचं हसणं गावात प्रसिद्ध होतं. पोटातून निघायचं आणि चार घरं ओलांडून जायचं. गावातल्या प्रत्येक लग्नाला चुलीपुढे तीच असायची, आणि तिचा पहिला नवरा जाऊन इतकी वर्षं झाली तरी तिचं स्वतःचं दुसरं लग्न लावायचं कुणाला सुचलं नव्हतं. आन्सेल्मो दर महिन्याला सामान न्यायला यायचा, तिच्या दारात मक्याचं पीठ घ्यायचा आणि उगाच रेंगाळायचा. शेवटी एके दिवशी तिनेच विचारलं होतं, "तुला पीठ हवंय की मी?"

तिने झोपडी पाहिली. चूल पाहून नाक मुरडलं, पिवळी झोळी पाहून मुरडलेलं नाक सरळ केलं. आन्सेल्मो सारखा वर पाहत होता. झाडांच्या शेंड्यांतून उन्हाचे कवडसे सरळ खाली पडू लागले होते.

"आता निघायला हवं," तो म्हणाला. "वाटेत ऊन लागेल."

"अरे, आत्ता तर आलो. देवळं नाही दाखवणार?"

"देवळं कुठे पळतात. लग्न झालं की रोज बघ."

"ऐकलंस?" बासिलिया बहिणीला म्हणाली. "आत्तापासून घालवायला निघाला."

ती टेकाड चढू लागली. तिला अडवायचं कसं, हे आन्सेल्मोला सुचेना. तो मागोमाग गेला, त्याच्यामागे टोपली सावरत एर्मिला. त्या लांब घरासमोर पोहोचल्या तेव्हा बायका धापा टाकत होत्या आणि एकमेकींच्या धापांना हसत होत्या. बासिलियाने पायरीवर बसकण मारली, केळीच्या पानातली पुरचुंडी सोडली.

पक्षी गप्प झाले.

आधी एक, मग सगळे. जणू कुणीतरी हात वर केला. झाडांतून येणारा वारा थांबला. एर्मिला काहीतरी बोलत होती, तिला आपलाच आवाज मोठा वाटला असावा. ती मध्येच थांबली.

थप, थप, थप.

"दाजी..." एर्मिला अगदी हळू म्हणाली, "आत कोण आहे?"

मिरचीचा वास आला. एर्मिलाच्या हातातली टोपली कलली आणि तिला ती सरळ करायचं भान राहिलं नाही. आन्सेल्मो बासिलियाकडे पाहू शकत नव्हता. तो आपल्या चपलांकडे पाहत उभा राहिला. त्याला वाटलं, संपलं. पिवळी झोळी आता सोडून ठेवावी लागणार.

बासिलियाने मान वाकडी केली. ती ऐकत होती, पण घाबरलेलं माणूस ऐकतं तशी नाही. चुलीपुढे बसून मागच्या ओळीतल्या बायकांचं काम कानाने तपासावं, तशी.

"पीठ सैल झालंय," ती म्हणाली.

"काय?"

"ऐक ना. चिकटतंय हाताला. पाणी जास्त झालंय."

ती उठली. आन्सेल्मोने तिचा हात धरायला हात पुढे केला, पण ती केव्हाच शेवटच्या खोलीच्या दारापाशी पोहोचली होती. आत शिरली नाही. चौकटीच्या दगडावर एक हात ठेवून ती अंधारात वाकली आणि शेजारणीला सांगावं तशी म्हणाली, "बायांनो, पाणी कमी घाला की जरा."

आवाज थांबला.

मग आत कुणीतरी फिसकन हसलं. दुसऱ्या कुणीतरी तिला दटावल्यासारखं केलं आणि तीही हसली, आणि मग ती खोली भरून बायका हसू लागल्या, कित्येक, तोंडावर पदर धरून हसावं तशा. बासिलिया क्षणभर थक्क झाली. पण हसणाऱ्या बायकांत गप्प बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं. तीही हसली. तिचं ते पोटातलं हसणं दगडी छपरावर आपटून परत आलं, आणि आतल्या हसण्यात मिसळून गेलं. थोड्या वेळाने थाप पुन्हा सुरू झाली. या वेळी घट्ट, कोरडी, नेमकी.

"आता बरोबर," बासिलिया म्हणाली. आणि मग, आनंदात असलेल्या माणसाच्या तोंडून जातो तसा तिच्या तोंडून एक शब्द गेला. "पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. हात रिकामे असले तर या सगळ्याजणी."

सगळं एकदम थांबलं. थाप नाही, घरघर नाही, वासही गेला. जणू आत बसलेल्या सगळ्यांनी माना वर करून एकमेकींकडे पाहिलं. ती शांतता लांबली... लांबतच गेली. मग आतून एकच थाप आली. जमिनीवर तळहात टेकावा तशी.

"चला," आन्सेल्मो म्हणाला.

एर्मिला उतरणीवर धावतच सुटली होती. वाटेत बासिलियाने त्याला गाठलं.

"हे लपवत होतास?"

त्याने मान डोलावली.

"मला वाटलं, तू सारखा घालवायला बघतोयस म्हणजे इथे एखादी ठेवली असशील," ती म्हणाली. "निघाल्या एवढ्या." आणि पुन्हा हसली. पण मग थोडं थांबून, खाली बघत म्हणाली, "आन्सेल्मो, एकट्या बाईच्या घरात दुपारी किती शांत असतं, तुला ठाऊक नाही. मी येईन इथे."

त्याला एवढा आनंद झाला की ती एकटी थाप तो विसरू शकला. निदान तसा प्रयत्न त्याने केला.

लग्न झालं ते असं की गाव अजून त्याबद्दल बोलतं. आदल्या संध्याकाळी खड्डा खणून, दगड तापवून, केळीच्या पानांत गुंडाळलेली डुकरं जमिनीत पुरली होती. सकाळी माती बाजूला केली तेव्हा आंबट संत्र्याचा आणि मसाल्याचा वास चर्चमध्ये पाद्रीबाबांपर्यंत गेला, आणि त्यांनी प्रार्थना आटोपती घेतली असं लोक म्हणतात. वाजंत्रीवाले शेजारच्या गावातून आले होते. तुतारीवाला बेसूर होता पण दमणारा नव्हता. डुकराचं मुंडकं परातीत घेऊन, रंगीत फिती लावून, म्हातारे लोक नाचत फिरले. तिबुर्सिओने ते डोक्यावर घेतलं आणि पडला, आणि मुंडकं शाबूत राहिलं याचा सगळ्यांना फार आनंद झाला. आन्सेल्मो नाचला. त्याला नाचता येत नव्हतं हे तेव्हा कळलं. बासिलिया त्याच्यासमोर पाय आपटत, घागऱ्याची टोकं धरून फिरत होती आणि ओरडून सांगत होती, "पाय उचल, जमीन कुठे पळत नाही."

लोक अपेक्षेपेक्षा फार आले. पण भाकऱ्या संपेनात. टोपल्या रिकाम्या झाल्या की भरून येत. ज्याने ज्याने खाल्ल्या त्याने विचारलं, आज मका कुठला आहे.

ऊन कलायच्या सुमाराला एर्मिला गर्दीतून वाट काढत आन्सेल्मोपाशी आली. तिच्या चेहऱ्यावर घाम होता, पण तो चुलीचा नव्हता.

"दाजी, मागच्या चुलीवरच्या बायका तुमच्याकडच्या ना?"

"माझ्याकडचं कोण आहे? मी एकटा."

"मला वाटलं तुमच्या कुणी मावश्या..." ती थांबली. "सकाळपासून बसल्यात. पाठमोऱ्या. हसतात, बोलतात, पण काय बोलतात ते कळत नाही. आमचीच भाषा आहे आणि कळत नाही. मी पाणी द्यायला गेले, तर कुणी वळेना."

आन्सेल्मो बासिलियाच्या घरामागे गेला. सपरीत धूर कोंडला होता, इतका की समोरचं चिंचेचं झाड अर्धंच दिसत होतं. धुरात बायका बसल्या होत्या. वाकलेल्या पाठी, पांढरे कपडे, वर बांधलेले ओले केस. किती होत्या ते कळेना. पलीकडे धुरात आणखी होत्या. हात भराभर चालत होते. थप, थप, थप. पण ज्या बाजूने धूर येत होता त्या बाजूने ऊब येत नव्हती. उलट झुळूक येत होती, गार, ओल्या चुन्याची.

तो तिथेच थबकला. सगळ्यात जवळच्या बाईने न वळता खांद्यावरून हात मागे केला. हातात भाकरी होती.

घेऊ नये, असं त्याला वाटलं. पण बाई आपल्या लग्नाला आली होती. दिवसभर राबली होती. तिने हातात घातलेली भाकरी नाकारायची, तीही नवरदेवाने? त्याने घेतली. ती विहिरीतल्या दगडासारखी थंड होती. त्याने एक घास मोडला आणि खाल्ला, आणि त्याचे डोळे भरून आले. लहानपणी, आई असताना, शेतावर अशी चव होती. नंतर कुठेच नव्हती. त्याने उभ्या उभ्या सगळी भाकरी संपवली. धुरात कुणीतरी समाधानाने हसलं.

दिवेलागणीला वाजंत्री थांबली, लोक पांगले. एर्मिला राख काढायला मागे गेली आणि तशीच परत आली. जिथे चूल होती असं तिला वाटत होतं, तिथे राख नव्हती. माती काळीही झाली नव्हती. वर गवत होतं, दहिवराने भिजल्यासारखं.

"गेल्या असतील," बासिलिया म्हणाली. "निरोप तरी घ्यायचा. मी त्यांना डुकराचं बांधून दिलं असतं." ती दमली होती आणि फार सुखात होती. झोळीत पडल्या पडल्या तिला झोप लागली, आणि आन्सेल्मोला भीती वाटायला सवडच मिळाली नाही, त्याआधी तोही झोपला. बायको घोरते, हे त्याला झोपेत ऐकू येत होतं आणि बरं वाटत होतं.

सकाळी कोंबड्या अंगणात भांडत होत्या. उन्हाची तिरीप झोळ्यांवर आली होती. बासिलिया उठून बसली, तोंडात काहीतरी घोळवलं, भुवया उंचावल्या आणि तळहातावर थुंकली. हिरवा मणी होता. करंगळीच्या नखाएवढा, गुळगुळीत, मधोमध भोक पाडलेला.

"अरे, हे बघ," ती म्हणाली. "जिभेखाली होता." तिने तो उन्हात धरला. आतून पाण्यासारखा उजेड आला. तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. "त्यांनीच दिला. आहेर आणला रे बायांनी. रिकाम्या हाताने नाही आल्या."

आन्सेल्मोने असा मणी एकदा पाहिला होता. खोदकामवाले आले होते त्या वर्षी, देवळाखालची कबर उघडली तेव्हा दिवा धरायला तोच उभा होता. माणूस उताणा पडला होता, आणि त्याच्या उघड्या जबड्यात, दातांच्या मागे, हा हिरवा खडा होता. मेलेल्याच्या तोंडात ठेवतात, असं त्यातला एकजण म्हणाला होता. मक्याच्या पिठासोबत, पुढच्या वाटेवर उपाशी राहू नये म्हणून. जिवंत माणसाच्या तोंडात ठेवत असल्याचं तो काही बोलला नव्हता.

बासिलियाने दोरा शोधला, मणी ओवला, गळ्यात बांधला. आरशाच्या तुकड्यात पाहताना ती गुणगुणत होती. कालच्या नाचाचीच चाल. एवढी सुंदर ती त्याला कधी दिसली नव्हती. तिला सांगायचं नाही, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं.

"छान दिसतोय," तो म्हणाला.

"आणि तुला? तुला काय दिलं?"

"मला काही नाही दिलं," आन्सेल्मो म्हणाला. "मी पुरुषमाणूस. मला कशाला देतील?"

ती आरशासमोरून वळली. हसू अजून तिच्या चेहऱ्यावर होतं. तिने मान वाकडी केली, कान त्याच्याकडे केला.

"मग बोलताना तुझ्या दाताला काय वाजतंय?"